मागे शूटिंगची गाडी असली तर सायकल राइड सेल्फ-सपोर्टेड राहते का?

मंडळी, मदत हवी आहे. आम्ही इंदूरचे सात जण डिसेंबरमध्ये इंदूर-मांडू-महेश्वर-ओंकारेश्वर-इंदूर सायकलने सेल्फ-सपोर्टेड, म्हणजे बाहेरची मदत न घेता, करतोय, आता एकाचा भाचा म्हणतो मी गाडीतून मामाचं शूटिंग करणार. पाणी, ट्यूब काही देणार नाही हे कबूल, पण रात्री भेरूघाट चढताना ओळखीची गाडी मागे आहे म्हटलं की धीर येतोच ना, बाकी सहा एकटेच! टूर डिव्हाइड या उत्तर अमेरिकेतल्या लांब पल्ल्याच्या सेल्फ-सपोर्टेड सायकल शर्यतीत २०१९ला सायकलपटू लेल विल्कॉक्सच्या वेळी हाच वाद झालेला. ट्रान्सकॉन्टिनेंटल या युरोपातल्या तशाच शर्यतीचे नियमही वाचले, ड्राफ्टिंग (दुसऱ्याच्या मागे चिकटून वारा चुकवणं) अन् बाहेरची मदत बंद, ते आम्ही घेतलंच. भाच्याला सरळ नाही म्हणणं अवघड आहे (राइडनंतरचे दाल-बाफले त्यांच्याच घरी). तर गाडी फक्त दिवसा अन् ठरलेल्या ठिकाणीच उभी ठेवायची, की सातही जणांना सारखं शूट केलं तर चालेल? तुम्ही नियम नेमका कसा लिहिता?