‘टाळ्या काढल्या की उरतं काय?’ या लेखाला उत्तर

निळी_शाई:
तंबोरा यांचा परवाचा लेख वाचून डोकं फिरलं. प्रतिसादात मावेना, म्हणून वेगळा धागा काढतेय. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी लेखाचं सार: स्लॅम (प्रेक्षकांच्या गुणांवर चालणारी मंचावरची कवितांची स्पर्धा), स्पोकन वर्ड (मंचावर म्हणायची कविता) वगैरे म्हणजे कवितेचा ऑर्केस्ट्रा. ही मंडळी पुस्तक काढतात ते हॉलबाहेरच्या टेबलावर सही करून खपवायला. टाळ्या काढून घेतल्या की पानावर उरतो नुसता त्रागा. साक्षीला अमेरिकन समीक्षक हॅरॉल्ड ब्लूम, ज्यांनी २००० साली ‘पॅरिस रिव्ह्यू’ या साहित्याच्या नियतकालिकात स्लॅमला कलेचा मृत्यू म्हणून टाकलं होतं.

ब्लूम मोठा माणूस, वाद नाही. पण त्याला आता पाव शतक होऊन गेलं आणि अंत्ययात्रा अजून निघालेली नाही.

मुळात हे भांडण शिळं आहे. इंग्लंडात २०१८ साली ‘पीएन रिव्ह्यू’ या कवितेच्या नियतकालिकात कवयित्री रिबेका वॉट्स यांनी हॉली मॅकनिश, के टेम्पेस्ट आणि रूपी कौर या लोकप्रिय कवींना एकाच दावणीला बांधून झोडपलं होतं. कारागिरी नाही, बुद्धीचं वावडं, ‘मी किती खरी’ हेच भांडवल. मॅकनिशने स्वतःच्या वेबसाइटवर त्या लेखाला मुद्दा घेऊन मुद्दा उत्तर दिलं. तंबोरांनी तोच माल मराठीत आणलाय, फक्त मधल्या काळात काय काय घडलं ते न बघता.

एक उदाहरण देते. कवी रेमंड अँट्रोबस. लंडनमधल्या हॅकनीचा, वडील जमैकन, आई इंग्लिश. सहा वर्षांचा होईपर्यंत कुणाच्या लक्षातच आलं नाही की या पोराला नीट ऐकू येत नाही. घडला तो स्पोकन वर्डच्या मंचावर, म्हणजे तंबोरांच्या हिशोबाने टाळीबाजच. २०१८च्या त्याच्या ‘द पर्सिव्हरन्स’ या संग्रहात नामवंत इंग्लिश कवी टेड ह्यूजची कर्णबधिर शाळेवरची कविता आहे. ह्यूजने त्या मुलांना माकडासारखी चपळ म्हटलंय, त्यांचे चेहरे छोट्या जनावरांसारखे म्हटलेत. अँट्रोबसने ती कविता छापली आणि वरून काळ्या पट्ट्या मारल्या. ओळीखाली ओळ, सगळी काळी. त्यानंतरच्या पानांवर स्वतःचं उत्तर.

आता ते पान मोठ्याने वाचून दाखवा बरं! स्टेजवर वाढलेला कवी नेमकं तेच करतोय जे कागदाशिवाय होऊच शकत नाही. आणि त्या पुस्तकाला मिळालं काय, तर टेड ह्यूजच्याच नावाचा पुरस्कार. २०१९ मध्ये वर फोलिओ हे साहित्याचं पारितोषिक. त्रागा म्हणे.

तंबोरा:
स्वतंत्र धागा काढण्याइतका लेख लागला, म्हणजे बाण बसला.

अँट्रोबस मी वाचलाय. चांगला आहे. शंभरात एक दाखवायचा आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना त्याच्या तिकिटावर आत सोडायचं, ही युक्ती जुनी आहे. मी बोललो ते म्हणण्याच्या त्या एका हेलाबद्दल. मिनियापोलिसच्या ‘बटन पोएट्री’ या स्लॅमचे व्हिडिओ काढणाऱ्या संस्थेचे व्हिडिओ लावा नाहीतर अंधेरीच्या कॅफेतले. पहिली ओळ कुजबुजत. मग श्वास, माइकमध्ये ऐकू येईल असा. मग चार ओळी एकाच शब्दाने सुरू. आवाज चढतो, हात छातीवर येतो, शेवटची ओळ पुन्हा कुजबुजत. भाषा कळली नाही तरी टाळी कुठे पडणार ते आंधळासुद्धा सांगेल.

आणि गुण! १९८६ पासून शिकागोच्या ‘ग्रीन मिल’ बारमध्ये मार्क स्मिथने हे सुरू केलं. प्रेक्षकांतले पाच जण पकडून परीक्षक करायचे, शून्य ते दहा गुण, सगळ्यांत वरचा आणि सगळ्यांत खालचा वगळायचा. तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत, मग गुण कापणार. ही कविता की कबड्डी?

खानदेशी_ताई:
तंबोरा भाऊ, आमच्या जळगावकडे एक बाई होऊन गेल्या, त्यांना अक्षर ओळखता येत नव्हतं. जात्यावर, शेतात जे सुचलं ते म्हणत गेल्या. मुलाने आणि मुलाच्या मावसभावाने उतरून घेतलं म्हणून हाती लागलं. त्या गेल्या डिसेंबर १९५१ मध्ये, पुस्तक आलं १९५२ मध्ये, अत्र्यांची प्रस्तावना घेऊन. बहिणाबाईंच्या कवितेला पान मिळालं ते त्या गेल्यावर. मग त्याआधी ती कविता नव्हती का? माझी आजी शाळेची पायरी चढली नाही, पण तिला त्यातल्या कितीतरी तोंडपाठ होत्या. पुस्तक तिने कधी हातात धरलं नसेल.

तंबोरा:
ताई, बहिणाबाईंना कृपा करून स्लॅमच्या रांगेत उभं करू नका. त्यांच्या मागे ओवी होती. पाठ राहायची तर लय लागते, यमक लागतं, घोटून घोटून आलेली घडण लागते. आजचा स्लॅमवाला आधी मोबाइलवर लिहितो, मग घोकतो, मग उत्स्फूर्त असल्याचं नाटक करतो. ही मौखिक परंपरा नव्हे. पाठांतर स्पर्धा.

घाटकोपरचा_लंडनकर:
हा पहिला कामाचा मुद्दा आला, म्हणून लिहितोय. नाहीतर गंमत बघत बसलो होतो.

घडण हवी म्हणता ना? सोमालिया बघा. सोमाली भाषेला अधिकृत लिपी मिळाली १९७२ मध्ये. कविता त्याआधीपासून आणि नियम असे कडक की आपले वृत्तवाले चळचळा कापतील. अख्खी कविता एका वर्णावर बांधायची. प्रत्येक ओळीत त्या वर्णाने सुरू होणारा शब्द आलाच पाहिजे, कविता कितीही लांबो. १९८०च्या सुमारास सियाद बरेची हुकूमशाही जोरात असताना गारिये या कवीने अशी एक कविता केली. हद्रावीने, जो त्याआधी पाच वर्षं कैदेत काढून आला होता, त्याच वर्णावर उत्तर दिलं. मग तिसरा, मग चौथा. कुणी बाजूने, कुणी विरोधात, सगळे त्याच वर्णाला बांधलेले. कॅसेटवर रेकॉर्ड, टेपवरून टेप. तोही चर्चेचा धागाच होता म्हणा, फक्त त्यात भाग घ्यायला आधी कविता यावी लागत होती.

उलट्या बाजूने लिंटन क्वेसी जॉन्सन. बँडबरोबर म्हणणारा, रेकॉर्ड काढणारा डब कवी (म्हणजे रेगे संगीताच्या तालावर कविता म्हणणारा). २००२ मध्ये ‘पेंग्विन मॉडर्न क्लासिक्स’ने त्याला छापलं. जिवंतपणी त्या मालिकेत आलेला दुसराच कवी, पहिला पोलिश कवी मिवोश. ते पुस्तक मुकाट्याने वाचून बघा. जमत नाही. जमैकन बोलीचं स्पेलिंगच असं केलंय की ओठ हलतात. मी बसमध्ये वाचत होतो, शेजारी एक वयस्कर जमैकन बाई. तिने पुस्तकात डोकावलं, माझ्या बोटाखालच्या चार ओळी मोठ्याने म्हटल्या आणि ‘बाळा, हे असं असतं’ या थाटात परत खिडकीबाहेर बघायला लागली. तोपर्यंत त्या ओळी मी चुकीच्या तालात वाचत होतो हे मला कळलंसुद्धा नव्हतं.

तंबोरा:
म्हणजे पान अपुरं पडलं, बाई लागली. माझाच मुद्दा.

घाटकोपरचा_लंडनकर:
अहो, पान नसतं तर ती बाई म्हणणार काय होती? माझं तोंड बघून?

बोरिवली_स्लो:
सगळं छान चाललंय, पण मूळ आरोपी मोकाट फिरतोय. मराठीत स्टेजवरची कविता कुणी मारली माहितेय? स्लॅमने नाही. सूत्रसंचालकाने.

एका तालुक्याच्या ठिकाणी कविसंमेलनाला बोलावलं होतं. पत्रिकेत वेळ सायंकाळी सहा. दीपप्रज्वलन, सत्कार, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार. मग सूत्रसंचालक उभे राहिले. प्रत्येक कवीच्या आधी एक चारोळी, नंतर एक शेर, आणि मध्ये ‘यावरून मला आठवतं’. माझा नंबर आला तेव्हा मंडपवाला मागच्या रांगेतल्या खुर्च्या एकात एक घालत होता. त्या खडखडाटात मी आईवरची कविता वाचली. आणि खाली उतरताना हे गृहस्थ माइकवर म्हणतात, ‘आई या विषयावर मलाही चार ओळी सुचल्या आहेत.’

सदाफुली:
😂😂 आमच्याकडचे तर कवीचं नाव घ्यायच्या आधी त्याच्या कवितेचा सारांश सांगतात. रहस्यच संपतं.

खानदेशी_ताई:
साहित्य संमेलनातल्या कविकट्ट्यावर तेही नको आणि हेही नको, अशी गत. तिथे नावं इतकी की माणूस शेवटच्या कडव्यावर आला की मागून कुणीतरी शर्ट ओढतं.

शब्दसारथी:
मी गेली अनेक वर्षं सूत्रसंचालन करतो. ही थट्टा वाचून वाईट वाटलं. कवी उशिरा येतात, अध्यक्षांना ट्रेन असते, आमदार मध्येच येऊन मध्येच जातात, त्या भगदाडांत माणसं बसवून ठेवायची कोणी? तुमच्या त्या आईच्या कवितेने? एक कवी मुक्तछंदात वीस मिनिटं रडून गेला की समोरचा प्रेक्षक उठायच्या बेतात असतो. त्याला चारोळी टाकून मीच खाली बसवतो. मानधन विचाराल तर शाल आणि नारळ. घरात शालींचं कपाट भरलंय.

बोरिवली_स्लो:
साहेब, तुम्हीच का ते?

शब्दसारथी:
तोंड सांभाळून बोला. तुमच्या वडिलांच्या वयाचा आहे मी.

बोरिवली_स्लो:
माझे वडील दुसऱ्याच्या कवितेनंतर स्वतःची वाचत नाहीत.

निळी_शाई:
अरे धागा कशावर आहे!! कुणी अँट्रोबसबद्दल एक अक्षर बोलेल का?

सदाफुली:
नंतर. आधी ते चारोळीवाले पुरे होऊ दे.

ओपनमाइक_ओंकार:
मी त्या ‘अंधेरीच्या कॅफे’तलाच एक. तंबोरा काका, तो हेल आहे, आम्हालाही त्याचा वीट आलाय, आम्ही आपापसांत त्याची नक्कल करतो. पण त्यावरून सगळ्याला ऑर्केस्ट्रा म्हणायचं तर वर शब्दसारथी काकांनी वीस मिनिटं रडणारा जो कवी सांगितला, त्यावरून अख्ख्या मुक्तछंदाची तिरडी बांधावी लागेल.

गुणांचं म्हणाल तर ते गंभीरपणे कोण घेतं? बारमध्ये बिअर पीत बसलेल्या माणसाच्या हातात पाटी दिली की तो कान देऊन ऐकतो, एवढाच डाव. मार्क स्मिथ बांधकामावर काम करणारा माणूस होता. त्याला प्राध्यापकांनी प्राध्यापकांसमोर वाचलेली कविता ऐकवेना, म्हणून हे सगळं.

आणि टेम्पेस्टचं ‘ब्रँड न्यू एन्शंट्स’ हे दीर्घकाव्य तुम्ही लेखात पानावर पडतं म्हणालात. त्या पुस्तकातच सुरुवातीला छापलंय की हे मोठ्याने वाचण्यासाठी लिहिलंय. स्टेजवर त्याच्यामागे ट्युबा, व्हायोलिन, ड्रम होते. लंडनमधली आजची घरं, आजची भांडणं आणि त्यात जुने देव. २०१३ मध्ये टेड ह्यूज पुरस्कार त्यालाच. मोठ्याने वाचलंत का?

तंबोरा:
वाचलं. बायकोने उठून दार लावून घेतलं.

ओपनमाइक_ओंकार:
त्यांनी गुण दिले म्हणायचे. 🙂

आणखी एक. विंदा, पाडगावकर, बापट हे तिघे गावोगाव जाऊन कविता म्हणायचे, लोक गर्दी करायचे. त्यांना कोणी टाळीबाज म्हणालं नाही?

तंबोरा:
म्हणणारे होते, आणि पाडगावकरांना तर तोंडावर म्हणणारे होते. पण फरक आहे. त्या तिघांनी आधी लिहिलं, पुस्तकं काढली, मग मंचावर गेले.

ओपनमाइक_ओंकार:
काका, वर बहिणाबाईंच्या वेळी तुम्हीच म्हणालात की आम्ही ‘आधी लिहितो मग घोकतो’, म्हणून आम्ही खोटे. आता ते तिघे आधी लिहितात, म्हणून खरे?

घाटकोपरचा_लंडनकर:
ओंकारला दहापैकी साडेनऊ. कबड्डीच्या भाषेत, पकड.

तंबोरा:
शब्दांत पकडायचं तर रामालाही पकडता येतं. मोबाइलवर लिहिलेलं आणि वर्षभर वहीत मुरलेलं यांत फरक असतो, तो ज्याला कळतो त्याला कळतो. अमेरिकन कवयित्री अमांडा गोरमन घ्या. २० जानेवारी २०२१, बायडेनचा शपथविधी, पिवळा कोट, हातांच्या हालचाली. ऐकताना मीसुद्धा हललो, खोटं कशाला बोलू. पुस्तक आणलं. त्या हातांशिवाय अर्ध्या ओळी भाषणासारख्या वाटल्या. हे मी पैसे खर्च करून सांगतोय.

निळी_शाई:
एका कवयित्रीच्या एका कवितेवर पैसे गेले म्हणून जगभरच्या कवींवर खटला. हे आधीच लेखात लिहायचं ना, मी धागाच काढला नसता. आणि तो अँट्रोबस? ज्याला चांगला म्हणालात आणि विषय बदललात?

तंबोरा:
त्या काळ्या पट्ट्या चांगल्याच आहेत. पण बाई, तो स्पोकन वर्डचा विजय नव्हे, छापखान्याचा आहे. त्यासाठी त्याला मंच सोडावा लागला.

निळी_शाई:
सोडला कुठे? ज्याला अर्धे आवाज पोचत नाहीत असा माणूस मंचावर उभा राहून कविता म्हणतो, मग त्याच पुस्तकात ह्यूजला गप्प करतो. मंचावर आपला आवाज लोकांना कसा ऐकू जातो हे ज्याने भोगलंय त्यालाच दुसऱ्याच्या ओळी अशा बंद करायचं सुचतं. तुम्हाला छापखाना दिसतो, कारण तुम्हाला तोच बघायचाय.

तंबोरा:
बरं, हे लिहून ठेवतो. पटलं असं म्हटलेलं नाही.

एक गोष्ट मात्र शिकागोकडून बिनशर्त घ्यायला तयार आहे. तीन मिनिटं आणि दहा सेकंद. तेवढा नियम आपल्या संमेलनांना लावा, बाकीचं स्लॅम तिकडेच राहू दे.

बोरिवली_स्लो:
+१. सूत्रसंचालकांना दहा सेकंदच.

शब्दसारथी:
हसून घ्या. पुढच्या महिन्यात आमच्या वाचनालयात कविसंमेलन आहे, कामच माझ्याकडे आहे. तंबोरांनी यावं आणि ओंकारनेही. प्रत्येकी तीन मिनिटं, हातात घड्याळ घेऊन मोजतो. बोरिवलीवाल्यांना आमंत्रण नाही.

ओपनमाइक_ओंकार:
मी येतो काका. पाठ करून येऊ की कागद घेऊन?

तंबोरा:
मीही येतो. फक्त आधी स्पष्ट करा, तुमच्या चारोळ्या माझ्या तीन मिनिटांत धरणार की वेगळ्या?