सील्ड सब, ईक्यू आणि फेज
ईक्यूने (फ्रिक्वेन्सीनुसार आवाज कमी-जास्त करून) खालचा बास वाढवला की सील्ड सबचा, म्हणजे हवाबंद बॉक्समधल्या सबवूफरचा, फेज (ध्वनिलहरीचं पुढे-मागे सरकणं) बिघडतो असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही, उलट सुधारतो. सील्ड बॉक्स म्हणजे सेकंड ऑर्डर हाय-पास (रेझोनन्सच्या खाली दर ऑक्टेव्हला १२ डीबीने आवाज उतरवणारा फिल्टर), तोही मिनिमम फेज, म्हणजे फेज रिस्पॉन्सशी बांधलेला, त्यामुळे रिस्पॉन्स (कुठल्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज) सरळ केला की फेजही त्याच्यामागे सरळ होत येतो. समजा बॉक्सचा रेझोनन्स ४० हर्ट्झ आणि क्यू (तो रेझोनन्स किती टोकदार याचा आकडा) ०.७ आहे, तर ४० ला फेज ९० अंश पुढे असतो, आता लिंकविट्झ ट्रान्सफॉर्म (बॉक्सचा रेझोनन्स आणि क्यू बदलल्यासारखा परिणाम देणारा ईक्यू) लावून तोच क्यू ठेवून रेझोनन्स २० वर नेला तर ४० ला जेमतेम ४३ अंश उरतो.

खरी किंमत मोजावी लागते ती कोनच्या हालचालीत. तेवढ्याच आवाजासाठी एक ऑक्टेव्ह खाली, म्हणजे निम्म्या फ्रिक्वेन्सीवर, गेलं की एक्स्कर्शन (कोनचं पुढे-मागे जाणं) चौपट, आणि २० ला १२ डीबी बूस्ट म्हणजे पॉवर सोळापट! अँप एकवेळ मोठा घेता येतो, पण २० हर्ट्झचा टोन लावून कोनकडे बघा, आवाज फारसा नसतो आणि सराउंड (कोनच्या कडेची लवचिक पट्टी) मात्र पार ताणलेला दिसतो. म्हणून मी तरी आधी एक्समॅक्स (कोन नीट किती हलू शकतो ती मर्यादा) आणि कोनचं क्षेत्रफळ बघतो, कमी पडत असेल तर दुसरा ड्रायव्हर, आणि बूस्ट ठरवायच्या आधी बसायच्या जागेवर मोजून घ्या, खोलीच खाली बराच हातभार लावते.