'रिमफायर'ला मराठीत काय म्हणाल? (आणि 'नकली' म्हणावं का?)

आडगल्ली: एका जर्मन माहितीपत्रकाचं मराठी करतेय. दुसऱ्या महायुद्धातल्या एमपी-४० या जर्मन सबमशीनगनसारखी दिसणारी, पण पॉइंट टू टू रिमफायर काडतुसं उडवणारी सेमी-ऑटोमॅटिक बंदूक. तीन ठिकाणी अडले: रिमफायर, सेमी-ऑटोमॅटिक आणि रेप्लिका. शब्दकोशातला 'परिघ-प्रज्वलन' वाचून मलाच ठसका लागला.

टिकलीबार: दिवाळीतलं टिकल्यांचं पिस्तूल आठवा. साध्या काडतुसाच्या बुडाशी मधोमध अशीच एक टिकली बसवलेली असते. तिच्यावर पिन आपटते, ठिणगी पडते, दारू पेटते. रिमफायरमध्ये वेगळी टिकली नसतेच. पेट घेणारा मसाला बुडाच्या काठाच्या पोकळ दुमडीत भरलेला असतो आणि पिन त्या काठालाच चेपते. म्हणून मी 'काठाचं काडतूस' म्हणेन. 'बिनटिकलीचं' हेही बरोबर आहे, पण वाचणाऱ्याला हसू येईल.

जुनी_पेटी: काठाचं काडतूस! मस्त. आपली जुनी नावं अशीच तर पडली. जळता तोडा लावायची ती तोड्याची बंदूक, गार घासून ठिणगी पाडणारी चकमकीची. बार कसा पेटतो तेच नावात. संस्कृतात शिरायची काही गरज नाही. (काडतूस तरी कुठे आपलं, पोर्तुगीजांनी आणलेलं. पिस्तूलही.)

रेंजवरचा: नेमबाजीच्या रेंजवर 'काठाचं काडतूस' कुणी म्हणणार नाही, सगळे 'पॉइंट टू टू'च म्हणतात. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत 2010 साली म्युनिकला जगज्जेत्या झाल्या आणि स्वप्नील कुसाळेंनी 2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कांस्य मिळवलं, ते याच काडतुसावर. गोळी जेमतेम 5.6 मिमीची. काठ चेपला जावा म्हणून पितळ पातळ ठेवावं लागतं, त्यामुळे फार दाब सोसत नाही. मूळ एमपी-४० चं 9 मिमीचं काडतूस म्हणूनच मधल्या टिकलीचं आहे.

आडगल्ली: मग भाषांतरात 'पॉइंट टू टू' ठेवते आणि पहिल्यांदा येईल तिथे 'काठाचं काडतूस' असा खुलासा देते. 'अर्धस्वयंचलित' चालेल ना?

जुनी_पेटी: शब्द रुळलाय, पण फसवा आहे. 'अर्ध' म्हटलं की वाटतं निम्मं काम हातानं करायचं. तसं नसतं. रिकामं काडतूस बाहेर टाकणं, नवं आत घेणं बंदूक स्वतःच करते, फक्त प्रत्येक बाराला चाप नव्यानं ओढावा लागतो. मूळ एमपी-४० मध्ये चाप दाबून धरला की मिनिटाला साधारण 500 च्या वेगानं बार सुटत. 'एका चापाला एक बार' असं एकदा लिहून टाका.

टिकलीबार: आणि 'सबमशीनगन'चं 'उपयंत्रबंदूक' करू नका, हात जोडतो. जर्मन नाव माशिनेनपिस्तोले, यंत्रपिस्तूल; पिस्तुलाचीच काडतुसं उडवते म्हणून. आपल्या जुन्या बातम्यांत असली कुठलीही बंदूक सरसकट 'स्टेनगन' असायची, पोलिसांच्या तोंडी 'कार्बाइन'.

रेंजवरचा: माहितीपत्रकात 'श्मायसर' असेल तर तेही तपासा. बंदुका घडवणाऱ्या ह्यूगो श्मायसरचं ते नाव, पण एमपी-४० त्यानं घडवलेली नाही. ती एर्फुर्टच्या एर्मा कारखान्याची. मॅगझिनवर (काडतुसं भरायच्या पेटीवर) त्याच्या पेटंटमुळे नाव होतं, तेच लोकांनी बंदुकीला चिकटवलं.

आडगल्ली: आहे! पहिल्याच ओळीत. आता रेप्लिका. संपादक म्हणतात 'नकली बंदूक' लिहा.

जुनी_पेटी: अजिबात नको. नकली म्हणजे जी उडत नाही, नाटकातली, नाहीतर लुटारूनं धाक दाखवायला आणलेली प्लास्टिकची. हिची गोळी खरी, माणूस मरेल. कायद्यालाही ती बंदूकच. रूप तेवढं उसनं.

टिकलीबार: 'प्रतिकृती'सुद्धा काचेच्या कपाटातली वाटते.

आडगल्ली: हे बघा: 'एमपी-४० च्या रूपातली, पॉइंट टू टूची खरी बंदूक, एका चापाला एक बार.' संपादकांना 'खरी' खटकणार, पण तो शब्द मी काढणार नाही.

रेंजवरचा: 'रूपातली' ऐवजी 'घाटाची'?

आडगल्ली: घाटाची! घेतला.