वागानोव्हा पद्धत म्हणजे नक्की काय? मुलीला ३ महिने नुसता बार धरून उभं केलंय

लेकीची_आई:
मुलगी ९ वर्षांची आहे, जूनपासून बॅलेला जाते. ३ महिने झाले, बारकडे (भिंतीलगतच्या आडव्या दांडीकडे) तोंड करून दोन्ही हातांनी तो धरायचा, गुडघे वाकवायचे, पाय सरकवायचा, परत आणायचा, एवढंच चालू आहे. तिच्या वर्गातल्या मुली दुसऱ्या डान्स क्लासला जातात, त्यांचं गॅदरिंगचं गाणं बसलंसुद्धा. टीचरना विचारलं तर म्हणाल्या आम्ही वागानोव्हा पद्धतीने शिकवतो, घाई करत नाही. मग नेटवर शोधलं तर जिच्या नावाने ही पद्धत आहे ती वागानोव्हा बॅलेरिना म्हणून जेमतेम एक वर्ष होती असं दिसलं. मग तिचं एवढं नाव कशामुळे? फी बरीच आहे, म्हणून नीट समजून घ्यायचंय.

तिसरी_घंटा:
ताई, एक वर्ष हे खरं आहे पण त्याच्या आधीची १८ वर्षं राहिली ना. अग्रिपिना वागानोव्हा, जन्म १८७९, सेंट पीटर्सबर्ग. वडील मारिन्स्की थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायच्या कामाला, ते लवकर गेले, घरची परिस्थिती ओढगस्तीची. १८९७ ला इम्पिरियल बॅले स्कूलमधून पास होऊन ती मारिन्स्कीच्या कंपनीत लागली. तिथे 'बॅलेरिना' ही सगळ्यात वरची पायरी, ती तिला मिळाली १९१५ ला आणि १९१६ ला तिने स्टेज सोडलं. मधल्या काळात नाचतच होती, उड्या इतक्या जबरदस्त की तिला 'व्हेरिएशन्सची राणी' म्हणायचे (व्हेरिएशन म्हणजे मोठ्या बॅलेमधला एकटीचा छोटा नाच), पण मुख्य भूमिका जायच्या दुसऱ्यांकडे. अंगाने नाजूक नव्हती, हात कडक दिसायचे, आणि तिथला सर्वेसर्वा पेतिपा, त्याला तिचं काम पसंत नव्हतं, स्वतःच्या डायरीत तसं लिहून ठेवलंय त्याने.

मला वाटतं तिची टीचर म्हणून ताकद इथूनच आली. शाळेत फ्रेंच वळणाचं शिकवायचे, दिसायला गोड पण त्यात जोर कमी, आणि तिकडे इटलीहून येणाऱ्या नर्तकी गर्रकन फिरून जागच्या जागी थांबायच्या. हे त्यांना कसं जमतं याचाच ध्यास घेतला तिने. ओल्गा प्रेओब्राजेन्स्काया ही नर्तकी चेकेत्ती या इटालियन गुरूकडे शिकलेली, तर वागानोव्हा कंपनीत लागल्यावरही तिच्याकडे जाऊन शिकली. शेवटी तिला जे सापडलं ते म्हणजे पाठ. पाठ पक्की झाली की हात, मान मोकळे होतात आणि मग हातच उडीला आणि गिरकीला मदत करतात. इटालियन ताकद घेतली पण त्यातला ताठरपणा सोडून दिला.

१९१७ च्या रशियन क्रांतीच्या सुमारास नवरा गेला, पदरी मुलगा, पैशांसाठी सिनेमाच्या थिएटरात सुद्धा नाचली. १९२१ ला आपल्याच जुन्या शाळेत शिकवायला लागली, चाळिशी उलटून गेली होती. आणि १९२५ ला तिच्या वर्गातून मरीना सेम्योनोव्हा बाहेर पडली, १९२८ ला गालिना उलानोव्हा, १९३१ ला दुदिन्स्काया. सगळ्या मोठ्या बॅलेरिना, पण एकमेकींपेक्षा वेगळ्या, उलानोव्हा हळुवार तर दुदिन्स्काया म्हणजे वीज, एकीचीही दुसरी कॉपी नाही, हे मला फार मोठं वाटतं.

बारवरची_सकाळ:
मी ११ वर्षं ही पद्धत शिकले, आता लहान मुलींना शिकवते. बारकडे तोंड, दोन्ही हात बारवर, ही पहिल्या वर्षाची सुरुवातच आहे हो, टीचर चुकीचं करत नाहीयेत. एका हाताने धरलं की मूल त्या बाजूला कलतं, एक खांदा वर जातो आणि ते वळण एकदा लागलं की मोडायला फार त्रास. रशियात पूर्ण कोर्स ८ वर्षांचा असतो.

वागानोव्हाने १९३४ ला पुस्तक लिहिलं, क्लासिकल डान्सच्या मूलतत्त्वांवर, ते आजही वापरतात. पण ती रोजचा क्लास ठरलेला ठेवायची नाही, चेकेत्तीकडे वाराप्रमाणे व्यायाम ठरलेले असायचे, ही मात्र सतत बदलायची कारण तेच तेच केलं की अंग डोकं न वापरता करायला लागतं. आणि मुलींना नुसतं करून दाखवून चालायचं नाही, चुकलं तर का चुकलं ते तोंडाने सांगावं लागायचं. मुलीला घरी विचारून बघा प्लिए (गुडघे वाकवणं) करताना काय सांभाळायचं असतं. तिला सांगता आलं तर तुमची फी वाया जात नाहीये.

कथकचा_वर्ग:
आम्हाला पण कित्येक महिने फक्त ततकार (पायांनी ताल धरणं) होता, आई वैतागायची. एक विचारायचं होतं, नुरेयेव्ह आणि बारिश्निकोव्ह हे प्रसिद्ध बॅले नर्तक पण वागानोव्हाचेच शिष्य ना?

तिसरी_घंटा:
नाही, हा घोटाळा खूपदा होतो. ती १९५१ मध्ये गेली, नुरेयेव्ह त्या शाळेत आला १९५५ ला. दोघांचे गुरू अलेक्झांडर पुश्किन (कवी नव्हे, नावं सारखी आहेत). शाळेला वागानोव्हाचं नाव दिलं १९५७ ला म्हणून लोकांना तसं वाटतं. तिचा शेवटचा वर्ग इरिना कोल्पाकोव्हाचा, १९५१ चा. कोल्पाकोव्हा पुढे अमेरिकन बॅले थिएटरमध्ये शिकवायला गेली, म्हणजे बघा शिकवणं कुठवर पोचलं.

लेकीची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार. आत्ता जेवताना विचारलं. ताट सोडून उठली, ओट्याला धरून उभी राहिली आणि म्हणाली, आई गुडघा बोटांच्या वर यायला हवा, आत पडला की पाय दुखतो, आणि पाठ खाली जाताना पण लांबच ठेवायची. मला हे काहीच माहीत नव्हतं. पुढच्या टर्मची फी भरतेय.