परदेशातले घर सोडताना, नोकरी सोडताना

परदेशी निघालेल्या माणसाला मुंबईत सल्ल्यांची वानवा कधीच नसते. व्हिसाच्या मुलाखतीला काय घालावे इथपासून प्रेशर कुकर कोणत्या बॅगेत ठेवावा इथपर्यंत सगळे सांगणारे शेजारच्या इमारतीतच भेटतात. तिथले भाड्याचे घर बदलताना किंवा अनेक वर्षांची नोकरी सोडून निघताना काय करावे लागते, हे मात्र क्वचितच कोणी सांगते, कारण निघणारा बहुधा घाईत असतो आणि परतल्यावर त्याला त्या कागदपत्रांचे नावही नको असते. एखाद्या देशात जाताना कंपनी आपल्याला हाताला धरून नेते. तिथून निघताना मात्र आपण, घरमालक, बँक आणि सरकारी खिडकी एवढेच उरतो. त्यामुळे त्या देशाची खरी ओळख निघतानाच होते, असे माझे मत झाले आहे, आणि ते कितपत बरोबर आहे हे पाहण्यासाठीच हे अनुभव मागवत आहे.

एक विनंती अशी की घरमालकाचे किंवा कंपनीचे नाव लिहू नये, नियम आणि प्रत्यक्षात घडलेले असे दोन्ही लिहावे, आणि 'तिकडे सगळे कसे शिस्तीत' व 'शेवटी आपल्याकडेच बरे' ही दोन्ही वाक्ये शक्यतो टाळावीत. मी स्वतः विलेपार्ल्यात राहते आणि आता परत आले आहे. माझे म्हणणे शेवटी मांडीन. त्याआधी आलेले अनुभव, लिहिणाऱ्याच्या गावाच्या नावाखाली.

म्युनिक, माहेर दादर

आमची दादरची इमारत पागडीची, म्हणजे एकरकमी मोबदल्यावर पिढ्यान्पिढ्या भाड्याने दिलेली, असल्यामुळे कोणी घर सोडून जाते आहे हे दृश्य मी लहानपणी जवळपास पाहिलेच नव्हते. म्युनिकमध्ये पहिले रिकामे घर पाहायला गेले तेव्हा स्वयंपाकघराच्या जागी भिंतीतून डोकावणारा, तोंड बंद केलेला पाण्याचा पाइप, टोकाला टोपणे लावलेल्या विजेच्या तारा आणि जमिनीवर जुन्या ओट्याचा काळपट ठसा एवढेच होते. आधीच्या भाडेकरूने ओटा, सिंक, शेगडी आणि वरची कपाटे उचलून नेली होती, आणि तसे करण्याचा त्याला पूर्ण हक्क होता, कारण जर्मनीत पुष्कळ भाड्याच्या घरांत स्वयंपाकघर भाडेकरूच्याच मालकीचे असते. घर सोडणारा ते पुढच्याला विकतो, आणि म्युनिकमध्ये घरांची इतकी चणचण आहे की विकणारा सांगेल त्या किमतीवर फारशी घासाघीस होत नाही.

अनामत रक्कम जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या मूळ भाड्याइतकी घेता येते आणि ती तीन हप्त्यांत भरण्याचा भाडेकरूला कायदेशीर हक्क आहे, ही गोष्ट आम्हाला तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितली; घरमालकाने अर्थातच सांगितली नव्हती. घर सोडण्याची नोटीस तीन महिन्यांची असते आणि ती महिन्याच्या तिसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत पोहोचली तरच तो महिना धरला जातो. ताबा परत देण्याच्या दिवशी घरमालकाचा प्रतिनिधी हातात छापील तक्ता घेऊन खोलीखोलीतून फिरला, भिंतीतली खिळ्यांची बुजवलेली भोके बोटाने चाचपून पाहिली, हीटरच्या मागे बॅटरी मारली आणि पाणी, वीज व हीटरच्या मीटरचे आकडे लिहून घेतले. हे सारे त्याने अत्यंत नम्रपणे केले, त्यामुळे वाद घालायला जागाच उरली नाही. अनामतीतला काही भाग वार्षिक खर्चाचा हिशेब लागेपर्यंत ठेवून घेतला गेला आणि ती रक्कम, आम्ही विसरत आलो होतो तेव्हा, पैशापर्यंत अचूक परत आली.

नोकरी सोडतानाही कागदाचेच राज्य असते. ई-मेलने पाठवलेला राजीनामा कायद्याने राजीनामाच ठरत नाही. तो छापून, शाईची सही करून द्यावा लागतो. किमान मुदत चार आठवड्यांची असली तरी करारात तीन महिने सर्रास लिहिलेले असतात, आणि सबळ कारणाशिवाय स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याचा बेकारी भत्ता साधारणपणे बारा आठवडे रोखला जातो. निघताना कंपनीकडून कामाचे सविस्तर प्रमाणपत्र मागता येते. माझ्या वरिष्ठांनी त्याचा मसुदा मलाच लिहायला सांगितला, आणि स्वतःची स्तुती न संकोचता लिहिण्यात माझा एक पूर्ण शनिवार गेला.

देश सोडणार असाल तर नगरपालिकेच्या कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला अवश्य घ्यावा. मोबाइल, इंटरनेट आणि सार्वजनिक टीव्ही-रेडिओसाठीची घरटी दरमहा १८.३६ युरोंची प्रसारण वर्गणी यांपैकी काहीही बंद करायचे म्हटले की तोच कागद मागतात. तसेच ज्यांची पेन्शनवर्गणी ६० महिन्यांच्या आसपास असेल त्यांनी ती घाईने परत मागू नये. भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ मे २०१७ पासून लागू आहे आणि दोन्हीकडची वर्षे पात्रतेसाठी एकत्र धरता येतात.

दुबई, आता लालबाग

वरच्या अनुभवातील नम्र प्रतिनिधी वाचून थोडा हेवा वाटला. दुबईत घराचा व्यवहार चेकबुकावर चालतो. वर्षाचे भाडे एक, दोन, चार किंवा अधिक चेकांत विभागून पुढच्या तारखा घालून आधीच द्यावे लागते. चेक जितके कमी तितके भाडे कमी, हा तिथला साधा हिशेब आहे. २०२२ च्या सुरुवातीला कायदा सौम्य होईपर्यंत खात्यात पैसे नाहीत म्हणून चेक परत गेला तर थेट फौजदारी प्रकरण होत असे, त्यामुळे चेकच्या तारखेच्या आदल्या रात्री झोप न लागणारे अनेक कुटुंबवत्सल लोक मी पाहिले आहेत. भाडेकराराची 'इजारी' ही सरकारी नोंद झाल्याखेरीज वीजपाणी जोडून मिळत नाही. फ्लॅटसाठी २,००० दिरहॅम अनामत भरावी लागते आणि वार्षिक भाड्याच्या पाच टक्के इतकी आकारणी बारा महिन्यांच्या बिलांत विभागून येते. नवख्याने भाडे ठरवताना ही रक्कम धरलेली नसते.

नोकरीबद्दल अधिक विस्ताराने लिहितो, कारण आखाती देशांत गेलेल्या आपल्या माणसांच्या घरी मुलांची लग्ने आणि इथल्या फ्लॅटचे हप्ते त्या शेवटच्या रकमेवर आखलेले असतात. पगारावर प्राप्तिकर नाही हे खरे, पण आपल्याला पेन्शनही नाही. ग्रॅच्युइटी हाच काय तो आधार. पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी २१ दिवसांचा आणि त्यापुढे दरवर्षी ३० दिवसांचा मूळ पगार असा तिचा दर आहे आणि एकूण रक्कम दोन वर्षांच्या पगारापेक्षा अधिक होऊ शकत नाही. समजा मूळ पगार १०,००० दिरहॅम आणि नोकरी दहा वर्षांची असेल, तर २५५ दिवसांचे ८५,००० दिरहॅम होतात. इथे 'मूळ' या शब्दाकडे लक्ष द्यावे. नेमणुकीच्या वेळी एकूण पगार पाहून आपण खूश होतो, पण त्यात मूळ पगार निम्म्याहून कमी ठेवून बाकी घरभाडे व प्रवासभत्ता दाखवला असेल, तर अनेक वर्षांनी हाती येणारी रक्कमही त्याच प्रमाणात घटते. २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने स्वतःहून राजीनामा देणाऱ्याची ग्रॅच्युइटी कापण्याची जुनी तरतूद गेली. नोटीस ३० ते ९० दिवसांची असते आणि सगळी देणी १४ दिवसांत चुकती करायची असतात.

प्रत्यक्षात माझ्यापुढे जो कागद ठेवला गेला त्यावर 'सर्व देणी मिळाली' असे आधीच छापलेले होते आणि पैसे मात्र खात्यात आलेले नव्हते. मी सही केली नाही. टेबलापलीकडचा मुलगा आपल्याच देशातला, कदाचित माझ्या मुलाच्या वयाचा होता, तो हळूच म्हणाला, "काका, सगळेच करतात." मी जेवणाच्या सुट्टीनंतर येतो असे सांगून खाली चहा प्यायला गेलो. पुढचे काही दिवस असेच गेले, मग पैसे जमा झाले आणि मग सही झाली. हे धैर्य मला शक्य झाले कारण माझ्या डोक्यावर कर्ज नव्हते. ज्यांचे तिथल्या बँकेचे कर्ज असते त्यांच्या खात्यात शेवटची रक्कम येताच बँक ती अडवून धरू शकते, म्हणून कर्ज आणि क्रेडिट कार्ड आधी मिटवावे.

मुलुंड, मुलगी लंडनमध्ये

मी निवृत्त बँक कर्मचारी आहे आणि माझी सगळी नोकरी एकाच बँकेत झाली. लेकीकडे पाहुणा म्हणून गेलो असताना तिने घर बदलले, त्यामुळे पाहुण्याचा हमाल झालो. तिथे अनामत रक्कम, वार्षिक भाडे ५०,००० पौंडांच्या आत असेल तर, पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा अधिक घेता येत नाही, आणि ती घरमालकाच्या खिशात न राहता ३० दिवसांच्या आत मान्यताप्राप्त योजनेत सुरक्षित करावी लागते. आपल्याकडे अकरा महिन्यांचा करार संपला की रंगरंगोटीच्या नावाखाली अनामत कापणारे घरमालक मी पाहिले असल्याने ही तरतूद मला मनापासून आवडली. सामान हलवण्याच्या दिवशी लेकीने मीटरच्या आकड्यांचे फोटो काढले, कौन्सिलला, म्हणजे तिथल्या नगरपालिकेला, टॅक्ससाठी कळवले आणि टपाल नव्या पत्त्यावर वळवण्यासाठी पैसे भरले. मी विचारले, पोस्टमनला सांगून जमणार नाही का? ती नुसती हसली. आमच्या मुलुंडच्या पोस्टमनने आम्ही विंग बदलल्यावरही न सांगता पत्रे आणून दिली होती, एवढेच नमूद करतो.

न्यू जर्सी, सध्या बोरिवली

इथे सर्वांनी स्वेच्छेने सोडलेल्या नोकरीबद्दल लिहिले आहे. आमच्याकडे नोकरीनेच माझ्या पतीला सोडले, तेही सकाळच्या एका छोट्या व्हिडिओ कॉलवर. एच-१बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला कामाचा व्हिसा असलेल्या माणसाला नोकरी गेल्यानंतर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि मुक्कामाची नोंदवलेली मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाही. त्या काळात नवा मालक अर्ज दाखल करील, व्हिसाचा प्रकार बदलेल किंवा कुटुंब देश सोडेल, असे तीनच ठळक मार्ग असतात. पहिला धक्का ओसरल्यावर लक्षात आले की आमच्या घरातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट त्या नोकरीला टांगलेली होती. आरोग्य विमा कंपनीचा होता. तो स्वखर्चाने सुरू ठेवण्याची सोय १८ महिन्यांपर्यंत असते, पण कंपनी भरत असलेला वाटाही आता आपणच भरायचा, म्हणजे संपूर्ण हप्त्याच्या १०२ टक्क्यांपर्यंत रक्कम लागते. घराचा करार मध्येच मोडल्याचा दंड वेगळा. मुलीची शाळा वर्षाच्या मध्यावर सुटली.

सोशल सिक्युरिटीची वर्गणी आम्ही नियमाने भरली, पण तिथे पेन्शनच्या पात्रतेसाठी ४० तिमाह्या, म्हणजे सुमारे दहा वर्षांची कमाई लागते आणि जर्मनीसारखा करार अमेरिकेशी नसल्यामुळे आमची अपुरी वर्षे कुठेही जोडली गेली नाहीत. निवृत्तीसाठीच्या ४०१(के) खात्यातले पैसे मात्र आम्ही तसेच ठेवले आहेत, कारण साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी काढले तर कराखेरीज काढलेल्या रकमेच्या दहा टक्के दंड बसतो. तिथला मिक्सर कोणीही आणू नये. तो ११० व्होल्टवर चालणारा असल्यामुळे आमचा इथे माळ्यावर पडून आहे.

टोकियो

थोडक्यात लिहितो. निशिकसाईत राहणाऱ्या आम्हा मुंबईकरांना घर सोडताना सर्वांत विचित्र वाटते ते म्हणजे वस्तू टाकून देण्यासाठी पैसे मोजणे. मुंबईत भंगारवाला दारात येऊन आपल्याला चार रुपये देतो. टोकियोच्या २३ वॉर्डांत ३० सेंटीमीटर किंवा त्याहून मोठी वस्तू टाकायची तर आधी वेळ ठरवून, दुकानातून शुल्काचे स्टिकर विकत घेऊन ते चिकटवावे लागते. टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन आणि एसी यांना तर वेगळा कायदा आणि वेगळे पुनर्वापर शुल्क आहे. माझी सतरंजी आणि पुस्तकांचे कपाट इमारतीखाली स्टिकर लावून उभे होते, त्यावर माझा नोंदणी क्रमांक लिहिला होता, आणि जाणारा येणारा शेजारी मला लवून नमस्कार करत होता.

पेन्शनची वर्गणी एकरकमी परत मिळते, पण जास्तीत जास्त पाच वर्षांचीच, आणि देश सोडल्यापासून दोन वर्षांत अर्ज करावा लागतो. ती घेतली की तेवढी वर्षे पुसली जातात. जपानशीही भारताचा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, त्यामुळे आकडेमोड करूनच निर्णय घ्यावा.

विलेपार्ले

आता माझे म्हणणे. सिंगापूरहून निघताना माझ्या कंपनीने कायद्यानुसार माझा शेवटचा पगार रोखून धरला, कारण परदेशी कर्मचारी कायमचा निघाला की करखात्याला किमान महिनाभर आधी कळवून कराचा हिशेब पुरा होईपर्यंत पैसे अडवणे मालकावर बंधनकारक आहे. एरवी मी त्यावर त्रागा केला असता. पण हिशेब झाल्यावर माझे त्या देशाशी काहीही देणेघेणे उरले नाही, हे मला बरे वाटले.

इथे परतल्यावर करायच्या गोष्टींबद्दल कोणीच लिहिलेले नाही, म्हणून जोडते. कायमचे परत आल्यावर एनआरई खाते (अनिवासी भारतीयांचे, परदेशी कमाई ठेवण्याचे रुपयांतले खाते) तसेच चालू ठेवता येत नाही. बँकेला कळवून ते निवासी खात्यात बदलावे लागते किंवा शिल्लक आरएफसी, म्हणजे परतलेल्यांच्या परकी चलनातल्या, खात्यात न्यावी लागते. एफसीएनआर, म्हणजे अनिवासींच्या परकी चलनातल्या मुदत ठेवी मात्र मुदत पुरी होईपर्यंत राहू शकतात. ज्यांचा आधीच्या दहांपैकी नऊ आर्थिक वर्षांत अनिवासी दर्जा होता त्यांना काही काळ 'निवासी परंतु सामान्यतः निवासी नसलेला' असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशातील उत्पन्नावर साधारणतः इथे कर लागत नाही, त्यामुळे परतण्याची तारीख मार्चमध्ये घ्यावी की एप्रिलमध्ये हे तिकिटाच्या दराआधी सीएला विचारावे. बँकेच्या शाखेत मात्र संयम न्यावा. परदेशातला पत्ता काढून पार्ल्याचा पत्ता लावण्यासाठी माझ्याकडे पार्ल्याच्या पत्त्याचा पुरावा मागितला गेला, तो पुरावा म्हणून बँकेचे पासबुक चालेल असे सांगितले गेले, आणि पासबुकावर अर्थातच परदेशातला पत्ता होता. शेवटी गॅसच्या बिलावर काम झाले, ते वडिलांच्या नावावर असूनही.

मस्कत, कुवेत आणि दोहाहून परतलेली पुष्कळ मंडळी गिरगाव-परळ भागात आहेत. त्यांच्याकडून, आणि जहाजाने सामान आणून न्हावाशेव्यात सोडवून घेतलेल्यांकडून, अजून काही आलेले नाही. त्यांनी अवश्य लिहावे.