आधी दूध मोजा
दीड वर्षाचा मुलगा दुधाशिवाय कशालाच तोंड लावत नाही, मग लोह कुठून मिळणार, हा तुमचा प्रश्न वाचला आणि माझ्या लेकीचे ते दिवस आठवले. मी दोन दिवस बाटलीवरच्या रेघा बघून लिहून ठेवलं, तर दिवसाला जवळजवळ ९०० मिली दूध पोटात जात होतं! दुधात लोह नसल्यासारखंच, वर पोट भरतं आणि इतर अन्नातलं लोह शोषायलाही अडथळा येतो. म्हणून ते ५०० मिलीच्या आत आणा, कपातून द्या, जेवणानंतर द्या. पहिले चार-पाच दिवस रडारड होईल, पण भूक लागायला लागते हो.

या वयात दिवसाला साधारण ७ मिलिग्रॅम लोह लागतं. मांस-मासे खात असाल तर त्यातलं सगळ्यात सहज अंगी लागतं. आमच्याकडे मऊ शिजवलेला खिमा डाळीत कालवून दोन चमचे, एवढ्यावरच सुरुवात झाली. शाकाहारी असाल तर डाळी-कडधान्यांवर लिंबू पिळा, कारण क जीवनसत्त्वामुळे लोह जास्त शोषलं जातं. पालकाच्या भाजीवर मात्र फार भिस्त ठेवू नका. नको म्हटलेला पदार्थ दहा-बारा वेळा समोर आल्यावर मुलं चाखतात, तेव्हा जबरदस्ती नको.

मूल फिकट, मलूल दिसत असेल किंवा माती खात असेल तर थांबू नका, डॉक्टरांकडून रक्त तपासून घ्या. लोहाचे थेंब स्वतःच्या मनाने सुरू करू नका आणि बाटली मुलाच्या हाताला लागेल अशी ठेवू नका, जास्त डोस जिवावर बेतू शकतो.