कोबा नको, चौथरा उचला

इगतपुरीकडच्या उतारावर मुक्कामाच्या तंबूंखाली सिमेंटचा कोबा (पक्की जमीन) करावा का, असं एकाने विचारलंय. नका करू. तिकडे वर्षाला ३००० मिमीच्या आसपास पाऊस. कोब्यावरून वाहणारं पाणी थेट गादीखाली. लोखंडी पायांवर दीड-दोन फूट उंच फळ्यांचा चौथरा करा, फळ्यांत ५ मिमी फट ठेवा (फुगतात), आणि वरच्या अंगाला चर खणा.

खरी गोची शोषखड्ड्याची, म्हणजे सांडपाणी जमिनीत मुरवायच्या खड्ड्याची. मुरमाखाली लगेच काळा कातळ लागतो, पाणी मुरतच नाही. आधी फूटभर खोल खड्डा रात्रभर पाण्याने भरून ठेवा, सकाळी पुन्हा भरून बघा: तासाभरात इंचभरही उतरलं नाही, तर जागा बदला. न्हाणीचं पाणी खडी-वाळूच्या वाफ्यात कर्दळीला द्या. तंबूचं कापड मात्र पूर्ण वाळल्याशिवाय घडी घालू नका. बुरशीचे काळे ठिपके परत जात नाहीत.